सुपावर झाडू आणि दादाचा सॅक्सोफोन

माझ्या मावसभावानं, म्हणजे दादानं, सॅक्सोफोन वाजवून एकदा घोडा उभ्या उभ्या निजवला, हे मी शपथेवर सांगतो. घोड्यावरचा नवरदेवही निजला होता, पण त्याची शपथ घेत नाही. त्याचे नातेवाईक अजून वडनेरला आहेत.

तेव्हा आम्ही दोघं हिंगणघाटच्या एका बँडात होतो. दादा सॅक्सोफोनवर, मी मोठ्या ढोलावर. मी ढोल बडवला की तिकडे समुद्रपुरात बाया आभाळ गरजलं समजून वाळवणं उचलत. दादाही आधी चांगला वाजवायचा, म्हणजे मोठ्यानं वाजवायचा. मग त्याला नागपूरच्या भंगार बाजारात ती रेकॉर्ड सापडली.

देश सोडून गेलेल्या कोण्या साहेबाचं सामान असावं. मधला कागद खरवडलेला, त्यामुळे वाजवणारा कोण, कुठला, ते आम्हाला कधीच कळलं नाही. आम्ही आदरानं त्याला नुसतं ‘ते’ म्हणायचो, बायका नवऱ्याला म्हणतात तसं. चौकातल्या चहाच्या दुकानात चावीचा फोनो होता. दुपारी गिऱ्हाईक नसलं की दादा रेकॉर्ड लावायचा आणि आम्ही बाकावर आडवे व्हायचो.

सॅक्सोफोनच तो, पण तसा आम्ही जन्मात ऐकला नव्हता. कोणाला नाचवायचं नाही, कोणाला उठवायचं नाही. उन्हातून चालत आलेला माणूस सावलीत बसावा आणि बोलावं की नाही ते अजून ठरवत असावा, तसा तो सूर. यायचा, थांबायचा, आणि थांबल्यावरही काहीतरी चालूच राहायचं. वैशाखात रेकॉर्ड उन्हानं पापडासारखी वाकली. तेव्हापासून सूर पाण्यावरच्या पानासारखा डुलू लागला. दादानं ते डुलणंही शिकून घेतलं.

सुरामागं आणखी एक आवाज होता. सर्र… सर्र… एका लयीत, धीमा. आम्ही पुष्कळ डोकं लावलं. शेवटी चहावालीनं निकाल दिला.

“अंगण झाडून राह्यली ना कोनी बाई! मानूस बाजा फुंकत बसला, तं बाईनं का कामं सोडून द्यावं?”

पटलं. त्या दिवसापासून कुठल्याशा परमुलखात एक बाई आमच्यासाठी अंगण झाडू लागली. डोळे मिटले की मला ते अंगण दिसे. मधोमध कडुनिंब, खाली फुलांचा सडा, आणि कितीही झाडला तरी न सरणारा. तिचं तोंड मात्र तिनं कधी इकडं केलं नाही.

इथवर सगळं बरं होतं. पण दादा वरातीतही तसंच वाजवू लागला. नवरदेवाकडचे जवान गडी कमरेला रुमाल बांधून नाचायला उतरत आणि मधेच हात वर ठेवून कुठंतरी पाहत राहत. एका वरातीतून एक म्हातारा नाहीसा झाला, तो शेताच्या धुऱ्यावर एकटाच हसत बसलेला सापडला. आणि वडनेरला तो घोडा निजला. बँडमास्तर सगळ्या वऱ्हाडासमोर कडाडला,

“काऊन बे, वरात काढून राह्यला का पाळना म्हनून राह्यला? बाजा माहा हाय. उद्या परत देजो. माह्या साळ्याले देतो. तो फुंकते तं गाव उठते!”

“मास्तर, उद्याची सकाळ राहू द्या,” दादा म्हणाला. “आमच्या वस्तीत पोरीचं लगन हाय. तिच्या बापाले शबूद देल्ला.”

“तुमच्या लग्नात कुठं बँड लागते आता?”

खरंच लागत नव्हता. वस्तीनं नुकतीच बौद्ध धम्माची दीक्षा घेतली होती. लग्नं सकाळची होऊ लागली होती. पांढरे कपडे, वंदना, हार, झालं. पाटलाच्या दारी वाजवायचं जुनं काम वस्तीनं सोडलं तसा ढोलताशाही मांडवातून गेला. पण नवरीचा बाप दादाला म्हणाला होता, “ढोल नको बापा. पन पोरगी अशी मुकाट्यानं कशी धाडू?” दादाला तेवढीच सकाळ उरली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी बँडमास्तर बाजा न्यायला स्वतः वस्तीत आला आणि मांडवाजवळच्या कडुनिंबाला टेकून उभा राहिला. लग्न लागलं, नवरी बैलगाडीत बसली. दादानं बाजा ओठाला लावला. एक सूर निघाला, डगमगला, पडला. दुसरा निघाला, तोही पडला. वरातीत मागं माझा ढोल तरी असायचा; इथं मागं ती सर्र-सर्रही नाही, तर सूर कुठं ठेवायचा तेच त्याला सुचत नव्हतं. त्यानं माझ्याकडं पाहिलं. माझा ढोल घरी. बँडमास्तरनं हात पुढं केलाच होता.

मी मावशीच्या ओसरीवरचं सूप उचललं, पालथं धरलं, आणि कोपऱ्यातला झाडू घेतला.

“ढोल नको म्हटलं होतं ना भाऊ?” नवरीचा बाप पुढं आला.

“मामा, हे सूप हाय.”

सर्र… सर्र…

आणि दादाचा सूर उभा राहिला. मग काय झालं ते सांगतो, विश्वास ठेवा न ठेवा. बैल त्या लयीवर पाय टाकू लागले. निंबाची फुलं गळत होती ती हवेतच रेंगाळली. डोळ्याला पदर लावलेल्या बाया पदर तसाच धरून राहिल्या. नवरीनं गाडीतून मागं पाहिलं, रडणं विसरून, जणू तिला कोणी तिचंच अंगण दाखवत होतं. पार रोहणा गावापर्यंतचे कावळे गप्प झाले, असं मला नंतर रोहण्याच्याच माणसानं सांगितलं.

बँडमास्तरचा हात अजून पुढंच होता, पण डोळे मिटले होते. गाडी वळणाशी गेली तेव्हा ते उघडले. डोळ्यात कचरा गेला, म्हणाला.

“त्याले सांगजो,” तो माझ्या कानाशी पुटपुटला, “बाजा ठेव म्हना. साळ्याले मी पाह्यतो. पन माह्या वरातीत आनजो नको. घोडे लय महाग हायेत.”

गाडी वळणाआड गेली. दादाचा सूर काही संपला नव्हता. तेवढ्यात मावशी सूप मागायला आली, तिला तांदूळ पाखडायचे होते.

“थांब वो मावशी,” मी म्हणालो, “अंगण झाडून होऊ दे.”