काळ्या बोटांचा आकडा

शेवटच्या दिवशी सकाळी थोरलीने बापाची दहाही बोटं रॉकेलने घासली. मग साबणाने, मग नखांत काडी घालून. बाप पंक्चरवाला, सगळा रस्ता त्याला हवावाले म्हणायचा. पन्नास वर्षांचं रबर आणि ग्रीस असं एका सकाळी निघतंय होय? पण आज दवाखान्यात त्या बोटांवरून एक शब्द ऐकून घ्यायचा नाही, असं तिने ठरवलंच होतं.

वर्षभर तेच चाललं होतं. म्हातारा विसरायला लागला. चाक खोललं की नट कुठे ठेवला ते आठवेना. डॉक्टर म्हणाले, वय झालं की मेंदूला ऑक्सिजन कमी पडतो, आणि गोळ्या लिहून दिल्या. सकाळी एक, रात्री एक. अहो, पण कमी का पडतो? ते कोणी बघितलं? कंपाउंडर बोटाला तो ऑक्सिजन मोजायचा चिमटा लावायचा, आकडा हवा पंचाण्णवच्या वर, यायचा ब्याऐंशी, चौऱ्याऐंशी. की हा हसायचा. बाबा, तुमच्या काळ्या बोटांपुढे मशीनने पण हात टेकले, म्हणायचा. आणि आकडा कागदावर लिहायचाच नाही. थोरलीपण हसायची. तेच आता तिला आतून जाळतंय.

बाप एकदा बोलला होता, गोळी तळहातावर घेऊन.

"अगं, भोक न शोधताच हवा भरतायत हे."

तिने पाण्याचा पेला पुढे केला. "बाबा, गप गिळा."

त्या शेवटच्या दिवशी दवाखान्यात घासलेल्या बोटाला आकडा आला चौऱ्याहत्तर. कंपाउंडर म्हणाला, रॉकेलमुळे असेल. डॉक्टर आत जेवत होते, बसायला सांगितलं. बाकावर बसल्या बसल्या म्हाताऱ्याने मान टाकली, तेव्हा कुठे सगळ्यांची पळापळ. मोठ्या हॉस्पिटलात छातीचा फोटो काढला. तिथली डॉक्टरीण थोरलीवरच खेकसली, फुप्फुसं कधीची कामातून गेलीत, इतके दिवस काय करत होता? गोळ्या देत होतो. एक चुकवली नाही.

संध्याकाळी बाप गेला.

पंधरा दिवसांनी थोरलीने दुकान उघडलं. हाच कंपाउंडर गाडी ढकलत आला, खांद्याला पिशवी, घरोघर तपासायला निघालेला. घाईत आहे ताई, नुसती हवा भरा, म्हणाला. तिने गाडी स्टँडवर लावली. चाक खोललं, ट्यूब काढली. मग ग्रीसने बरबटलेलं बोट त्याच्यासमोर धरलं.

"लावा तुमचा चिमटा."

तो म्हणाला, ताई, कशाला आता. ती बोट धरून तशीच उभी. शेवटी त्याने लावला.

अठ्ठ्याण्णव.

तिने आकडा मोठ्याने वाचला. चिमटा काढून त्याच्या हातात ठेवला, आणि ट्यूब घमेल्यातल्या पाण्यात दाबून भोक शोधायला लागली.