टेकूवरची पट्टी

माझी मुलगी मोडक्या इमारतींचे फोटो काढते. अख्ख्या इमारतीचे नाही. दाराची झिजलेली कडी, पावलांनी खोलगट झालेला उंबरा, खिडकीच्या गजांवरचा गंज. खेड्यांत तिला ‘कडीवाली’ म्हणतात.

“लग्नाचे काढायला सांगा की तिला,” शेजारीण एकदा म्हणाली. “तिथे निदान माणसं हसतात तरी.”

मी हसले. पण लग्नाच्या हॉलचं छत सहसा अंगावर येत नाही, हेही मनात आलंच.

प्रत्येक फोटोत ती एक स्टीलची सहा इंची पट्टी ठेवते. पट्टी माझ्या कॉलेजच्या कंपासपेटीतली. काही महिन्यांनी त्याच जागी उभं राहून, पट्टी तिथेच ठेवून, पुन्हा फोटो. मधे काय किती झिजलं ते त्यातून कळतं. आमच्यात ठरलंय, की एक खोली झाली की तिथला एक फोटो मला पाठवायचा. “फोटो आला म्हणजे मी धडधाकट, कळलं?” असं ती म्हणते. त्यामुळे ती बाहेर असली की मी फोन घेऊनच भाजी चिरते, फोन घेऊनच कपडे वाळत घालते.

परवा ती एका जुन्या धान्यकोठारात गेली होती. दुपारी वरच्या मजल्यावरचा फोटो आला. भिंतीतून पुढे आलेला लाकडी टेकू, त्यावर कोरलेले दोन पोपट, आणि टेकूवर विसावलेलं तुळईचं टोक. मागच्या फेरीचा तोच फोटो माझ्याकडे होता. पोपटाची चोच आणखी झिजली का, म्हणून दोन्ही शेजारी शेजारी लावून पाहिले.

चोच होती तशीच होती. पण मागच्या वेळी तुळईचं टोक पट्टीवर नऊ सेंटिमीटर आत होतं. आता चार.

मला बांधकामातलं ओ की ठो कळत नाही, पण वजाबाकी येते. त्या तुळईवर छत होतं आणि छताखाली माझी पोर.

फोन लावला. ती काम करताना फोन गप्प करून पिशवीत टाकते. पाच वेळा लावला. मग कोठाराची चावी सांभाळणाऱ्या काकांचा नंबर शोधला.

“काका, तिला आत्ताच्या आत्ता खाली बोलवा. तुळई सरकलीय.”

“तुम्ही आहात कुठे, ताई?”

“घरी.”

“घरी बसून तुम्हाला इथली तुळई दिसते? अहो, माझ्या आजोबांच्या आधीपासून उभी आहे ती.”

“असू दे. तुम्ही वर जाऊ नका, खालूनच हाक मारा. पाया पडते तुमच्या.”

त्यांनी हाक मारली. उत्तर नाही. पुन्हा मारली. लांबून तिचा आवाज आला, “दोनच मिनिटं, काका!”

“तिला सांगा, आई चक्कर येऊन पडलीय.”

काकांनी तसंच ओरडून सांगितलं. जिन्यावर धडधड पावलं वाजली. प्रत्येक पायरीला मी डोळे मिटत होते.

काकांच्या फोनवर ती आली. “आई? काय झालं गं?”

“चार सेंटिमीटर,” मी म्हणाले.

घरी आल्यावर जेवताना म्हणाली, “मला दिसलं होतं ते. गेल्याच आठवड्यात परवानगी घ्यायला गेले तेव्हा, दारातूनच.”

“आणि तरी वर गेलीस?”

“पडायच्या आधी पोपट एकदा फोटोत घ्यायचे होते.” मग ताटाकडे बघत म्हणाली, “तुझी पट्टी वरच राहिली.”

इतकी वर्षं मी भिंतींना घाबरत होते. त्या क्षणी मला तिचीच भीती वाटली.

कंपासपेटीत तसलीच आणखी एक पट्टी आहे. दोन दिवस मी ती साड्यांखाली लपवून ठेवली. पट्टी नसेल तर जाणार नाही, असं वाटलं होतं. पण आज सकाळी ती कॅमेरा पुसत म्हणाली, “सोमवारी एक जुनी गिरणी आहे. पट्टीवाचून चालवीन.”

मी उठले आणि पट्टी तिच्या पिशवीत टाकली. ती जाणारच आहे. निदान फोटो आला की मला मोजता तरी येईल.