क्लॅम्पमधून आरपार गेलेलं हेड

अण्णाला जाऊन दीड महिना झाला. बीडच्या दवाखान्यात मी शेवटची माझ्या या भावाजवळ बसले, तेव्हाही त्याच्या डोक्यात शेडचंच चाललं होतं. "उद्या त्या पहिल्या सॉफ्टवेअरवाल्याला हो म्हणून कळवायचं," तो म्हणाला. मी त्याचे पाय दाबत होते. माझे हात थांबले...

नवऱ्यानं सोडल्यापासून मी वडवणी रस्त्यावरच्या अण्णाच्या शेडमध्ये कापलेल्या पाईपांची धार कानशीनं घासते. शिक्षण चौथीपर्यंत. नवीन लेझर मशीन आलं तेव्हा त्याचं कापायचं हेड असं वाकडंतिकडं का फिरतं, ते मला कळेना. अण्णानं घरातून दुधी उचलला आणि त्यावर सुरी फिरवून दाखवली. "भाकरीवर सुरी सरळ चालती. ह्याच्यावर वळवावी लागती. तसंच हाय हे." वहिनी ओरडली, "आवो, भाजीचा हाय त्यो!"

पण मशीनला प्रत्येक वळण तिथंच उभं राहून शिकवायचं, तर अर्धा दिवस मशीन नुसतं उभं राहायचं. ते कॉम्प्युटरवर आधीच आखता येईल असं सॉफ्टवेअर अण्णाला हवं होतं. दोन विक्रेते आपापलं दाखवून गेले. पहिल्याचं झरझर चाललं, सगळे खूश. दुसऱ्याचं मधेच अडलं, लाल झालं. "लई रडकं हाय बे हे," आमचा ऑपरेटर हसला. मी चहा देत होते, आणि मला दिसलं होतं... पहिल्याच्या चित्रात हेड पाईप धरणाऱ्या क्लॅम्पमधून आरपार गेलं, जणू तिथं हवाच होती. दुसरं नेमकं तिथंच लाल झालं होतं. पण एवढ्या माणसांत मी काय बोलणार? कप गोळा केले आणि बाहेर आले.

दवाखान्यात ते अण्णाला सांगितलं. तो माझ्याकडं बघत राहिला.

"आगं, मग तवाच कावून न्हाई बोललीस?"

"माणसं होती..."

"माणसं काय खातेत का तुला? हेड धडकलं तर मशीन बसंल की. आता तूच सांग त्येंला."

"तू घरी आल्यावर सांगू," मी म्हणाले. त्यानं मान हलवली की नुसतीच कूस बदलली, अजून कळत नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी तो गेला.

तेरावा झाल्यावर पहिला विक्रेता कागद घेऊन शेडवर आला. वहिनीनं सहीसाठी पेन उचललं. मी पुढं झाले.

"थांबा. आमच्या पाईपावर जरा हळू चालवून दाखवा."

ऑपरेटर माझ्याकडं बघतच राहिला. विक्रेत्यानं हळू चालवलं. क्लॅम्प आला तिथं मी पडद्यावर बोट ठेवलं. "इथं हेड धडकतंय."

वहिनीनं पेनाला टोपण लावलं.

आणि मी मागं वळून बघितलं... कुणाच्या हातून धड काम झालं की अण्णा दाराला टेकून "आसं!" म्हणायचा. दारात कुणी नव्हतं. लोखंडी चौकटीचा रंग मात्र एका जागी उडालेला आहे, त्याच्या खांद्याच्या उंचीवर.