भुकेचा पत्ता

माणसाची खाण्याची वासना मरेपर्यंत सुटत नाही, असं थोर लोक सांगतात. माझ्या मेहुण्यांची, वसंतरावांची, दोन तासांच्या शस्त्रक्रियेत सुटली. भूक जागवणारं हार्मोन जिथे बनतं, तो जठराचा भागच डॉक्टरांनी मधुमेहावर उपाय म्हणून काढला. वजन फारसं उतरण्याआधीच रक्तातली साखर आटोक्यात आली, इन्सुलिनचं इंजेक्शन थांबलं. आता ते थांबलेलंच ठेवायचं होतं.

परवा लग्नाच्या पंगतीत आमच्या काकू जिलबी घेऊन आल्या.

"काकू, मला भूकच लागत नाही हो."

"जिलबी खायला भूक कशाला लागते?"

आग्रहाचं हार्मोन बहुधा वाढणाऱ्याच्या अंगात बनतं. तिथवर शस्त्रक्रिया पोचलेली नाही. वसंतरावांनी पानावर दोन्ही हात आडवे धरले आणि समाधानाने हसले. काकूंनी ती जिलबी शेजारी, माझ्या बहिणीला वाढली. तिने स्वतःची साखर अजून तपासलेली नाही.