कल्ले मोजणाऱ्या कर्णिक मॅडम

चुकीचं नाव सांगणाऱ्याला कर्णिक मॅडम खडकावरून सरळ घरी पाठवत. ओहोटीला आम्ही बी.एस्सी.ची मुलं वरळीच्या खडकांवर उकिडवी बसायचो. डबक्यात बोटाच्या पेराएवढी, शंख नसलेली समुद्री गोगलगाय दिसली की त्या विचारत, "कुठली?" चुकलं की, "चपला घाल. बस मिळेल अजून."

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. बाबा भोईवाड्याच्या कोर्टात शिपाई. हे कळलं तेव्हा मॅडम सगळ्यांसमोर म्हणाल्या, "इथे नुसती हाक ऐकून धावायचं नसतं हं. बघायचं असतं." मुलं हसली. मी बघायला शिकले. काळ्या गोगलगायींच्या इथल्या दोन्ही जाती दिसायला सारख्याच. फरक पाठीवरच्या कल्ल्यांच्या तुऱ्यात: एकीचे मोठे नि मोजके, दुसरीचे बारीक नि पुष्कळ. जरा धक्का लागला की तुरा आत. मग वाट बघा. "धीर नसेल तर घरी जाऊन पोळ्या लाटा," मॅडम म्हणायच्या. त्यांनी स्वतः कधी लाटल्या असतील असं वाटत नाही.

आज मी तोच विषय शिकवते. गेल्या हिवाळ्यात त्यांनी मला शिवाजी पार्कच्या घरी बोलावलं. नजर जवळजवळ गेली होती, तरी मुलाचा हात धरून खडकांवर जाऊन आल्या होत्या. प्लास्टिकच्या डब्यात समुद्राचं पाणी, त्यात एक चिमुकली काळी गोगलगाय.

"चारच कल्ले. ही तिसरीच जात आहे, मुंबईत कुणी नोंदवलेली नाही. तू बघ आणि लिही. माझ्या नावावर हे शेवटचं."

मुलगा माझ्या कानाशी पुटपुटला, "हो म्हणा ना. तुमचं काय जातंय?"

तुरा उघडेपर्यंत मी थांबले. कल्ले बारीक, पुष्कळ.

"नेहमीचीच आहे, मॅडम. पिल्लू आहे."

"शिपायाची पोर मला शिकवणार?"

"मोजून बघा."

त्यांनी भिंग ओढून घेतलं, डब्यावर वाकल्या. बराच वेळ मोजत होत्या. "चार," त्या म्हणाल्या. "स्वच्छ चार."

गोगलगाय केव्हाच डब्याच्या कडेला चढली होती. भिंगाखाली नुसतं पाणी होतं. मुलाने मला मानेनेच 'नको' म्हटलं.

"मॅडम," मी म्हटलं, "तिथे काही नाहीये."

त्या वाकलेल्याच राहिल्या. भिंग हललं नाही.

महिन्याभराने त्या गेल्या. ती नोंद त्यांच्या नावावर झाली नाही. मी होऊ दिली नाही.