पुढच्या चाकातली करकर

भावकूअण्णांकडं गाडी दाखवायला न्यायची, तर एक नियम पाळावा लागे. गाडीच्या मालकानं तोंड उघडायचं नाही. मालक काही सांगू लागला की अण्णा हात वर करत. "तू गप रं. तिला बोलू दे." मग बॉनेटवर कान टेकून, डोळे मिटून उभे राहत आणि मिनिटाभरात पाण्याच्या पंपाचं बेअरिंग गेलंय की पट्टा सैल झालाय, ते सांगून मोकळे होत. खासबागेत हे बत्तीस वर्षं चाललं होतं. शिक्षण म्हणाल तर सातवी, तीही रडतखडत; पण सांबऱ्यापासून निपाणीपर्यंतच्या गाड्या त्यांच्या दारात लागायच्या. लोक त्यांना 'कानाचे भावकू' म्हणत.

माणूस तसा मिश्कील. गाडीला शिव्या द्यायच्या त्या कानडीतून आणि गोंजारायचं ते मराठीतून, अशी त्यांनी दोन भाषांची न्याय्य वाटणी केली होती. एकदा एका कानडी मास्तरांनी याबद्दल नाराजी दाखवली, तर अण्णा म्हणाले, "सर, तुमच्या भाषेत शिवी कशी ठणठणीत बसत्या. आमची लई मऊ पडत्या." मास्तर हसले आणि पुढची दहा वर्षं गाडी तिथंच आणत राहिले.

पण गेल्या तीन वर्षांत एक भानगड झाली होती. अण्णांचा डावा कान पार बंद पडला होता, आणि उजवा आज चालू, उद्या बंद, असा सरकारी नळासारखा झाला होता. हे त्यांनी कुणालाही सांगितलं नव्हतं. बायकोला, जयाबाईंनाही नाही. "शिट्ट्या मोजा," असं सांगून जयाबाई देवळात गेल्या आणि परत येऊन बघतात तो कुकरातल्या डाळीचा कोळसा. त्यांना वाटलं, नवरा पेपर वाचत बसला असणार. अण्णांनी तो आरोप आनंदानं कबूल केला. गॅरेजात ते हातानं, नाकानं आणि बऱ्याच वेळा नुसत्या अंदाजानं वेळ मारून नेत होते. रात्रंदिवस भीती एकच. कानाच्या भावकूला कान नाही, हे बाहेर कळलं तर उद्यापासून दारात कोण येणार?

अशात बेळगुंदीच्या रवळूनं आपली फोर बाय फोर जीप आणून उभी केली. रवळू रताळी पिकवायचा आणि पोती त्याच जीपमधून बाजारात आणायचा.

"अण्णा, म्होरल्या चाकात करकर करत्या. कवा करत्या, कवा न्हाय. दोन गॅरेज झाली. एकानं बेअरिंग बदललं, दुसऱ्यानं ब्रेकचं सगळं नवं घातलं. आवाज हाय तसाच. आता तुमचा कान न्हायतर भंगारवाला."

डॉक्टरच्या पायरीवर दुखणं पळतं म्हणतात. गाड्यांचंही तसंच असतं. सदा येणारा आवाज कुणीही पकडेल. येऊन-जाऊन असणारा आवाज भल्याभल्यांना रडवतो. अण्णा रवळूला घेऊन येळ्ळूरच्या रस्त्यानं निघाले. वळणावर वळवली, खड्ड्यात घातली, चढावर दामटली. अण्णांना काही म्हणजे काही ऐकू आलं नाही. आता आवाज येतच नव्हता, की येत होता आणि आपल्याला ऐकू येत नव्हता? रवळूला विचारायची सोय नव्हती. त्यांनी हळूच रवळूच्या तोंडाकडं बघितलं, तर तो बाहेरच्या उसाकडं बघत होता.

"हं," अण्णा म्हणाले. हा त्यांचा सगळीकडं चालणारा शब्द होता. "चार दिवस ठेवून जा."

त्यांनी जीप जॅकवर घेतली. चाकं काढली, हलवून बघितली, गोल फिरवली. बेअरिंग नवं कोरं, ब्रेक ठीक, सांधे घट्ट. डाव्या चाकाच्या मागं, आतल्या अंगाला, एक सुकलेलं लिंबू आणि सात मिरच्या तारेनं बांधलेल्या दिसल्या. अण्णांनी लिंबाला हात जोडले आणि त्याला धक्का न लावता बाकीचं काम केलं. दुसऱ्याच्या लिंबू-मिरचीला आपल्याकडं शहाणा माणूस हात लावत नाही. रस्त्यात पडलेली असली तरी आपण वळसा घालून जातो. ही तर बांधलेली होती.

मग त्यांनी एकट्यानं जीप फिरवली. कान चालत नव्हता, म्हणून चपला काढल्या आणि अनवाणी तळवे पत्र्यावर टेकले. इंजिनाचा थरकाप तळव्यांना बरोबर कळतो, हे त्यांना गेल्या तीन वर्षांत सापडलं होतं. दोन दिवस फिरवलं तरी तळव्यांनाही काही सापडलं नाही. आता मात्र आवाज खरंच येत नाहीये, एवढी खात्री झाली. पण न येणारा आवाज दुरुस्त कसा करायचा?

तिसऱ्या दिवशी अण्णांनी बत्तीस वर्षांचा नियम मोडला. रवळूला बोलावलं, आपल्या उजव्या बाजूला स्टुलावर बसवलं आणि म्हणाले, "बोल. कवा कवा आवाज आला, सगळं सांग. काय बी सोडू नगंस."

रवळू बावचळला. अण्णांनी गिऱ्हाइकाला बोल म्हणणं म्हणजे पुजाऱ्यानं देवाची पिंडी हातात देण्यासारखं होतं. तो आठवून आठवून सांगू लागला. सोयरिकीला खानापूरला गेलतो तेव्हा. मग रताळ्याची पहिली पोती घेऊन आलतो त्या दिवशी. मग मामाच्या बाराव्याला. आठ-दहा दिवस करकर व्हायची, मग आपोआप थांबायची. अण्णा भिंतीवरच्या कॅलेंडरवर एकेका तारखेवर पेन्सिल टेकवत गेले. प्रत्येक तारीख अमावस्येच्या पुढच्या दोन-तीन दिवसांत पडत होती.

रवळूचं तोंड उतरलं. "म्हंजे करणीच की ही, अण्णा. भावकीतल्यांच्या डोळ्यावर आलीया जीप."

"गप. जीपला अमावस्या ठावं असतीया व्हय?" अण्णा म्हणाले. पण म्हणता म्हणता त्यांच्याच डोक्यात उजेड पडला. जीपला ठाऊक नसेल, पण अमावस्येला जीपचं काहीतरी करणारा कुणीतरी असतोच. "लिंबू कोण बांधतंय रं तुझ्यात?"

"आई बांधायची, म्होरं बंपरला. पोरं हसायला लागली म्हणून म्या बंद करायला लावलं. वरीस झालं."

अण्णा मिशीत हसले. "जीप घिऊन जा. परवा अमावस्या हाय. तेरवा सकाळी बेळगुंदीला येतो मी."

त्या सकाळी रवळू वेशीपर्यंत जीप घेऊन आला. अण्णा आत बसले, चपला काढल्या आणि पहिल्याच वळणावर डाव्या तळव्याखाली पत्रा करवतल्यासारखा थरथरला. रवळू ओरडला, "आला! आला!" अण्णांना त्याचं ओरडणं अर्धंच ऐकू आलं, पण आनंद त्याच्याहून जास्त झाला. इतक्या दिवसांनी चोर घरात सापडला होता.

रवळूची आई, अंबुबाई, अंगणात रताळी निवडत बसली होती. वय ऐंशीच्या घरात, पण हात विशीतले. अण्णा तिच्याजवळ गेले आणि म्हणाले, "आक्का, एक विचारायचं हाय." अंबुबाईनं उठून आपला उजवा कान पुढं केला. ती काहीतरी बोलली, तर अण्णांनी आपला उजवा कान पुढं केला. ती पुन्हा वळली, हे पुन्हा वळले. फुगडीला फेर धरावा तशी ती दोघं रताळ्यांच्या ढिगाभोवती गोल फिरली. अखेर अंबुबाई थांबली, अण्णांच्या तोंडाकडं निरखून बघितलं आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "तुझा बी डावा गेला व्हय रं बाबा?"

तीन वर्षं पोटाशी धरून ठेवलेली गोष्ट म्हातारीनं अंगणात ओतली होती. रवळू मान खाली घालून मातीत पायाचा अंगठा फिरवत होता. अण्णांना तिथून पळून जावंसं वाटलं. पण जीप समोर होती, आणि अर्धं काम टाकून जायची सवय त्यांना नव्हती.

"आधी लिंबू बघू," ते कसेबसे म्हणाले. "कुठं बांधलंस, आक्का?"

अंबुबाई आधी लाजली, मग लेकाकडं बघत तिनं कबुली दिली. बंपरला नको म्हणाला म्हणून ती दर अमावस्येला चाकाच्या आड लपवून बांधत होती. तिथं एक काळी दोरी आयतीच होती. जुन्या मोटारीतली तांब्याची तार घेऊन तीन वेढे द्यायचे. आवाज यायला लागल्यावर नजर जबर आहे असं समजून तिनं पाच वेढे द्यायला सुरुवात केली होती.

"आक्का, ती दोरी न्हवं. नळी हाय."

अण्णांनी रवळूला समजावलं. चिखलात चारही चाकांनी ओढायचं असतं, पण साध्या रस्त्यावर पुढची चाकं मोकळी राहावी लागतात. ती बारीक रबरी नळी हवा ओढून चाकातले दाते एकमेकांपासून लांब धरते. नळी आवळली की दाते धड अडकत नाहीत आणि धड सुटतही नाहीत, नुसते घासतात. आठ-दहा दिवसांत लिंबू सुकून, हिसके बसून तार ढिली व्हायची आणि आवाज थांबायचा. पुढच्या अमावस्येला म्हातारी पुन्हा आवळायची. दोन गॅरेजवाल्यांनी ते लिंबू बघितलं असणारच. स्वतः अण्णांनीही बघितलं होतं, हात जोडले होते. हात मात्र कुणीच लावला नव्हता.

आत्ताही अण्णा लावेनात. "तुझं तू सोड, आक्का." अंबुबाईनं पुटपुटत तार सोडली. तिचे डोळे भरून आले होते. लेकाचं भलं व्हावं म्हणून बांधलं आणि लेकाचेच पैसे पाण्यात गेले, असं ती म्हणाली. अण्णांनी चेपलेल्या नळीचा तुकडा कापून नवा घातला. रवळू म्हणाला, "बांध गं बंपरलाच. हसूदेत पोरं."

जीप गावाभोवती तीन वेळा फिरली. तळव्यांखाली पत्रा शांत होता. परत येताना वेशीजवळ अण्णांनी जीप थांबवायला लावली.

"रवळू, आक्का म्हणाली ते खरं हाय. तीन वर्सं झाली. कुठं बोलू नगंस बाबा. माझं समदं त्या कानावर चालतंय."

रवळू म्हणाला, "अण्णा, कुणाला सांगू? समद्या खासबागेला ठावं हाय. दोन वर्सांमागंच कळलंय. तुमच्या डाव्या बाजूला कोण हुबं ऱ्हातंय का बघा की. नवं गिऱ्हाईक आलं, तर चहावालाच सांगतो, उजवीकडनं जावा म्हणून."

"आणि तरी गाड्या आणताय?"

"मग कुठं न्यायच्या?" रवळूनं विचारलं. त्याला तो प्रश्नच कळला नव्हता.

अण्णा खिडकीतून बाहेर बघत बसले. शेतं नीट दिसेनात, म्हणून त्यांनी बाहीनं डोळे पुसले. तीन वर्षं एकट्यानं राखण केली, आणि घराला दारच नव्हतं. शेवटी अण्णा कानडीत एक सणसणीत शिवी हासडून म्हणाले,

"मग जरा मोठ्यानं बोलत जावा की, लेकांनो!"