काकूंच्या ताटातली गरम पोळी

कारखान्याच्या कँटीनमध्ये पोळ्या करणाऱ्या बाईंना साहेबांपासून झाडूवाल्यापर्यंत सगळे काकूच म्हणत. काकूंचा उभा जन्म पोळपाटापाशी गेला. सकाळी घरच्या पोळ्या, मग कारखान्याच्या, संध्याकाळी पुन्हा घरच्या. सगळ्यांना वाढून स्वतः जेवायला बसेपर्यंत पोळ्या गार व्हायच्या. त्याचं त्यांना वाईट वाटत नसे. "गार पोळी चावायला वेळ लागतो, तेवढंच जास्त बसायला मिळतं," असं त्या हसत म्हणायच्या.

नोकरी संपत आली आणि त्यांच्या नवऱ्याचं लक्षण काही ठीक दिसेना. त्यांचं, म्हणजे शिंपीबुवांचं, दुकान घराच्या पुढच्या खोलीतच. हा माणूस उंबरा ओलांडायचा तो फक्त दोरा-बटणं आणायला. आता मात्र रोज दुपारी दुकानाचं दार ओढून घेऊन बाहेर पडायचे आणि काकू घरी आल्यावर चोरासारखं तोंड करून परत यायचे.

"कुठे जाता हो?"

"गिऱ्हाइकाकडे. माप घ्यायला."

एकदा त्यांच्या कानामागे पांढरं काहीतरी दिसलं. म्हणाले, "खडू असेल." पण खडूची चिकट गोळी होत नाही, हे काकूंना कळत होतं. मनात पाल चुकचुकली. दुसऱ्या दिवशी त्या कामावरून लवकर सुटल्या आणि अंतर ठेवून नवऱ्यामागे निघाल्या.

शिंपीबुवा शिरले ते मागच्या गल्लीतल्या धाकट्या बहिणीच्या घरात. ही नणंद म्हणजे जिभेला कात्रीची धार. काकू स्वयंपाकघराच्या खिडकीशी उभ्या राहिल्या. आत बाह्या दुमडून शिंपीबुवा पोळपाटासमोर बसले होते आणि बहीण डोक्यावर उभी.

"दादा, पोळी लाटतोयस की बाही बेततोयस?"

"कडा जाड राहतात, त्याला मी काय करू?"

"मध्ये दाबू नकोस, कडेने लाट. वहिनीचा हात बघ कसा फिरतो. तिच्यासारखी पोळी मला या जन्मात जमली नाही."

"तिला यातलं काही सांगू नकोस हं."

"मी कशाला सांगतेय? मी तिचं कौतुक केलं हे कळलं, तर डोक्यावर बसेल माझ्या."

काकू तोंडावर हात दाबून मागे फिरल्या. वाटेत एकट्याच इतक्या हसत होत्या, की लोक वळून बघत होते. घरी मात्र तोंडाला कुलूप. उलट नवरा आला की साळसूदपणे विचारायच्या, "माप नीट बसलं ना?"

नोकरी संपली. पहिल्याच सकाळी शिंपीबुवांनी त्यांच्या हातातलं लाटणं काढून घेतलं. "आज तू बस."

पहिली पोळी करपली, दुसरी तव्यावर टाकतानाच फाटली. शिंपीबुवांना घाम फुटला. तिसरी मात्र तट्ट फुगली. त्यांनी तिच्यावर तूप सोडून ती काकूंच्या ताटात ठेवली. घाई करून काकूंनी घास तोंडात टाकला आणि डोळ्यांत पाणी आलं.

"पोळलं का गं?"

"पोळीच ती. पोळणारच."

कडा अजून जाडच होत्या. ते अगदी ओठांवर आलं होतं, पण काकूंनी घासाबरोबर गिळून टाकलं आणि ताट पुढे केलं. "आणखी एक वाढा."

त्या दिवशी दुकान उघडायला दुपार झाली. दारात ताटकळलेल्या गिऱ्हाइकाला शिंपीबुवांनी उशिराचं कारण सांगितलं, तेही छाती काढून.